वावरातली माती

अकोल्यात गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत वांगी-कोथिंबीर पिकवणारी निर्मला चार वर्षांपासून धाकट्या भावाला माहेरच्या वावरातली माती मागत होती. "ट्रॅक्टर रिकामा नाई ताई," हे त्याचं ठरलेलं उत्तर. आज मात्र किशोर स्वतः तीन गोण्या एकेक करून पाठीवर वाहत तीन जिने चढला. मूठभर काळी माती नाकाशी धरताच तिचे डोळे भरून आले. तिनं लगबगीनं चहा ठेवला.

चहा संपवून त्यानं खिशातून कागद काढला. "हक्कसोडपत्र हाय. बाबाच्या वावरातला तुहा हिस्सा सोडला म्हनून सही कर. बस, एवढंच."

निर्मलानं कागदाचे चार तुकडे केले अन् त्याच्याच उष्ट्या कपात टाकले.



"तीन गोण्या पोचल्या, किशोर. माह्या हिश्श्याचे बाकीचे दोन एकर कवा आणून देशीन?"