दार लावून विचारायचा प्रश्न

बाकीच्यांच्या हरकती पानापानांच्या होत्या. एका बाईची मात्र एकाच ओळीची होती. आप्पांना दार लावून काही विचारू नका, एवढंच तिने लिहिलं होतं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी काळजी घेणाऱ्यांसाठी सरकारने नवा नोंदणी अर्ज काढला होता. तो भरला नाही तर घरी नर्स येणार नव्हती, औषधंही मिळणार नव्हती. मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवल्या होत्या आणि लोकांनी तो मनसोक्त झोडपला होता. हा अर्ज भरून होईपर्यंत माझे वडील बरे होऊन कामावर जायला लागतील, असं एकाने कळवलं होतं. रुग्ण रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातलाच हवा, नाहीतर त्याची रवानगी सरकारी शुश्रूषागृहात, या अटीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता.

खरा राग होता तो शेवटच्या रकान्यावर. नर्सने घरच्यांना बाहेर पाठवायचं, दार लावायचं आणि रुग्णाला विचारायचं, इथे तुम्हाला नीट वागवतात का? आम्ही काय कसाई वाटलो का, असं लोकांचं म्हणणं.

तो रकाना सुनावणी घेणाऱ्या मॅडमनीच घातला होता. त्यांची मावशी शेवटपर्यंत मुलाकडे होती. मॅडम सुट्टी मिळाली की जायच्या आणि मावसभावासमोरच विचारायच्या, मावशी, बरं आहे ना? मावशी म्हणायची, अगदी मजेत. ती गेल्यावर तिचे कपडे बदलताना पाठीवरचे वळ दिसले. त्यानंतर मॅडम त्या घरी कधी गेल्या नाहीत.

वरचे साहेब मात्र वैतागले होते. लोकांना रकाना नको आहे तर आपण तरी कशाला अंगावर घ्यायचं, असं ते दोनदा बोलून गेले. सुनावणी तर होऊ द्या, मग बघू, म्हणून मॅडमनी वेळ मारून नेली.

सुनावणीला ती बाई आली. चाळिशी उलटलेली, लोकांचे कपडे शिवून पोट भरणारी. आपली पाळी येईपर्यंत ती भिंतीला टेकून उभी होती, खुर्ची मोकळी असूनही. नाव पुकारल्यावर ती पुढे आली. बाकीचा सगळा अर्ज मी भरते, म्हणाली, आणखी चार पानं वाढवलीत तरी भरते. फक्त मला खोलीच्या बाहेर पाठवू नका.

मॅडमनी कारण विचारलं.

"एकटे असले की आप्पा काहीही बोलतात," ती म्हणाली.

"काहीही म्हणजे?"

नका ना मला बाहेर पाठवू, एवढंच बाई पुन्हा म्हणाली. असाच गोड, अजिजीचा आवाज मावसभावाचाही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम न कळवता तिच्या घरी गेल्या. जिना चढून एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, आणि मशीनवरून हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळ खाट. खाटेवर म्हातारा. दाढी नुकती केलेली, नखं कापलेली, चादरीला एक सुरकुती नाही. मॅडमना हे सगळं जरा जास्तच नीटनेटकं वाटलं.

त्यांनी म्हाताऱ्याला झोप लागते का विचारलं. लागते, असं बाई म्हणाली. जेवण जातं का विचारलं, तर त्याचंही उत्तर तिनेच दिलं. म्हातारा एकदा मॅडमकडे बघायचा, एकदा तिच्याकडे, आणि तोंड उघडून पुन्हा मिटायचा.

मॅडमनी बाईला बाहेर थांबायला सांगितलं. तिने मॅडमचा हातच धरला.

"नका ना, मॅडम. हात जोडते तुमच्यापुढे."

मॅडमनी हात सोडवून घेतला आणि तिच्या तोंडावर दार लावलं.

आधी त्यांनी म्हाताऱ्याला हळूच कुशीवर वळवून पाठ पाहिली. वळ नव्हता, की ओरखडाही नव्हता. अंथरुणाला पाठ लागून होते तसली जखमसुद्धा नव्हती. नुकतीच लावलेली पावडर तेवढी होती. मॅडमना हायसं वाटायला हवं होतं, पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, मारते का? म्हाताऱ्याने मान हलवली, नाही. उपाशी ठेवते? नाही. घालूनपाडून बोलते? त्यालाही नाहीच.

"मग घाबरता कशाला, आप्पा?" मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मुलीच्या कानावर यातलं काही जाणार नाही. शब्द देते तुम्हाला."

म्हाताऱ्याने एकदा दाराकडे पाहिलं. अर्धांगवायूने त्याचं तोंड वाकडं झालं होतं. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"खोटं सांगा म्हणते," तो म्हणाला. "रोज पढवते. मला जमत नाही."

मॅडम पुढे वाकल्या. काय खोटं सांगायला लावते, म्हणून त्यांनी विचारलं.

"ती माझी मुलगी आहे, असं." तो दम खायला थांबला. "तिचे वडील दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर होते. ते गेले. त्यांचं सामान न्यायला आली, आणि मला घेऊन गेली."