तिसरा सेल

होटगीच्या माळावर हिंदुरावांचं पेट्रोलवर चालणारं हातभर विमान मांडलं होतं. मथुराबाईंनी नवऱ्याच्या हातात नारळ दिला.

“फोडतो आन् सोडतो,” हिंदुराव म्हणाले.

“फोडतो न्हाय, वाढवतो म्हणावं. चांगल्या कामाला अभद्र कशाला बोलायचं?”

हिंदुरावांनी नारळ वाढवला. मग पंखा फिरवून फिरवून बोटं सोलून घेतली, पण इंजिन नुसतं शिंकत होतं. बघायला आलेली गल्ली हसायला लागली.

“दोन सेलवर ठिणगीच पडंना,” ते करवादले. “व्होल्टेज वाढवतो.”

“मगाशी तुमीच म्हणला, वाढवलं तर कॉइल तापंल. मुंबईस्नं आलेली एकच हाय.”

“आता तू मला इंजिन शिकव.”

त्यांनी तिसरा सेल जोडला, स्विच लावला आणि तो तसाच चालू ठेवून सोललेल्या बोटाला चिंधी गुंडाळत बसले. तेवढ्यात कॉइलमधून धूर आला.

“काय झालं?” शेजारच्या कोंडीबानं लांबूनच विचारलं.

मथुराबाईंनी तोंड उघडायच्या आत हिंदुरावांनी त्यांच्याकडं डोळे वटारून बघितलं.

“काय न्हाय,” मथुराबाई म्हणाल्या. “व्होल्टेज वाढवलं, कॉइल वाढली.”