बोटीवरची वर्षं

"जेल नाही, तुरुंग नाही, कोठडी नाही, लॉकअप तर मुळीच नाही," बायकोने बजावलं. "यातला एक जरी शब्द तोंडातून निघाला, तर लेकीचं लग्न मोडलंच म्हणून समजा."

"मग इतकी वर्षं होतो कुठे म्हणू?"

"बोटीवर."

"मला पोहता येत नाही गं."

"बोटीवरची माणसं काय पोहत बसतात? कमालच करता!"

लेक हसली खरी, पण तिची नजर घड्याळावरच होती. मुलाचे वडील आज एकटेच भेटायला येणार होते आणि होकार त्यांच्यावरच अडला होता.

शब्द लपवता येतात हो, सवयीचं काय करायचं? तिथे दार उघडायचं ते पहारेकऱ्यानेच. सुटून वर्ष होत आलं तरी बंद दार दिसलं की नवरा पुढ्यात थांबायचा. हात सोडून, मुकाट्याने, कोणी उघडेपर्यंत. मागे एकदा न्हाणीघरापाशी असाच ताटकळला होता. बायकोला आधी हसू आलं, मग तिने हळूच दार उघडून दिलं. म्हणून आज तिने बाहेरचं सोडून घरातली सगळी दारं सताड उघडून ठेवली होती.

पाहुण्यांची वेळ टळून गेली. लेक डोकावायला म्हणून बाहेरचं दार उघडते, तर ते समोरच उभे.

"अहो काका, बेल नाही का वाजवलीत?"

"म्हटलं, येईलच कोणीतरी."

किती सोशिक माणूस, बायकोला वाटलं. तिला आणखीच धाकधूक झाली.

चहा झाला.

"मी बोटीवर होतो," नवऱ्याने कोणी न विचारताच सांगून टाकलं.

"असं का? मीही बरीच वर्षं बाहेरगावीच." पाहुणे म्हणाले. "जेवणाखाण्याचं कसं असायचं?"

"वेळेवर असायचं."

"हां, वेळेवर," पाहुणे मनापासून म्हणाले.

पुढे कोणीच काही खोदून विचारलं नाही. बायकोचा जीव भांड्यात पडला.

"चला, गच्चीवरची झाडं दाखवतो," म्हणत नवरा उठला. दोघं निघाले. कपबशा उचलून ती स्वयंपाकघरात जाते न जाते, तोच वाऱ्याने गच्चीचं दार धाडकन लागलं.

मेले! ती हातातलं टाकून धावली.

नवरा बंद दारापुढे उभा होता, हात सोडून, मुकाट्याने. आणि त्याच्या शेजारी, अगदी तस्सेच, पाहुणे.