तिसरी तपासणी

मेन स्विच बंद करून बाईंनी स्वयंपाकघरातल्या सॉकेटचं झाकण उघडलं आणि अर्थिंगच्या वायरचा स्क्रू दीड फेरा सैल केला. झाकण पुन्हा बसवलं, स्क्रूड्रायव्हर चमच्यांच्या खणात टाकला, हात धुतले. चार वाजायला दहा मिनिटं होती.

हे काम त्यांना नवं नव्हतं. रेडिओच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं त्यांनी असलेच बारीक स्क्रू आवळले होते. आवळलेला स्क्रू मुद्दाम सैल करायची वेळ मात्र आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

पंधरा दिवसांपूर्वी तपासनीस पहिल्यांदा आले होते. घराचं वायरिंग नवं केलं होतं, आणि वीज खात्याच्या तपासनिसाने दाखला दिल्याशिवाय कायमची जोडणी मिळायची नाही, असा नियम. तोवर दारामागे चिकटवलेल्या तात्पुरत्या परवान्यावर दिवे लागत. तपासनिसांनी एकेक खोली फिरून पाहिली. स्वयंपाकघरात ते बराच वेळ वाकून बसले होते. "इथलं अर्थिंग सैल आहे," ते म्हणाले आणि खिशातल्या वहीत लिहून घेतलं. मग नको नको म्हणत चहाला बसले, आणि एका चहाचे दोन झाले.

त्या घरात दुसऱ्या खुर्चीवर कुणी बसल्याला तीन वर्षं होऊन गेली होती. दूर देशी राहणारी लेक रविवारी फोन करायची. "सगळं ठीक ना?" "हो गं, ठीक." की झालं.

निघताना तपासनीस म्हणाले होते, "पंधरा दिवसांनी फेरतपासणी. ऑफिसला फोन-बिन करत बसू नका, तिथे कुणी उचलत नाही. मी आपला येईन."

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने येऊन स्क्रू आवळून दिला. "मी स्वतः आवळला होता हो हा, मावशी," तो दोनदा म्हणाला.

आज चारच्या ठोक्याला बेल वाजली. तपासनीस चालत आले होते, कपाळावर घाम होता. या वेळी ते सरळ स्वयंपाकघरात गेले, सॉकेट उघडलं आणि थोडा वेळ नुसते बघत राहिले.

"पुन्हा सैल आहे," ते म्हणाले. आवाजात वैताग नव्हता.

"काय बाई तरी," बाई म्हणाल्या आणि आधण ठेवायला वळल्या.

चहाबरोबर गप्पा निघाल्या. ते सकाळी भाजी करतात आणि तीच दोन्ही वेळ खातात. वर्तमानपत्र अगदी निविदांच्या जाहिरातींसकट वाचून काढतात. "नोकरीत एक बरं असतं," ते कपाकडे बघत म्हणाले, "सकाळी उठून कुठे जायचं, ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं." बाई हसल्या. कारखाना सुटल्यावर आपणही महिनाभर सकाळी डबा भरत होतो, हे त्यांनी आजवर लेकीलाही सांगितलं नव्हतं. ते त्यांनी सांगून टाकलं. ते गेले तेव्हा सहा वाजले होते. पुढची तारीख ठरली: परत पंधरा दिवसांनी.

कंत्राटदार आला तो तोंड उतरवूनच. झाकण उघडून स्क्रू आवळला आणि तसाच जमिनीवर बसून राहिला.

"तिसऱ्यांदा नापास झालं, तर लायसन्स सहा महिने जातं, मावशी," तो म्हणाला. "हाताखाली दोन माणसं आहेत. त्यांना काय सांगू?"

बाई चमच्यांच्या खणापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमचं काही नाही हो," तो पुढे म्हणाला. "माझ्याच हाताचा भरवसा राहिला नाही बहुतेक. काल एका गिऱ्हाइकाकडे काम संपवून घरी निघालो आणि अर्ध्या वाटेतून परत आलो, स्क्रू बघायला."

सांगून टाकावं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण काय सांगणार? की दोन कप चहासाठी तुझं लायसन्स पणाला लावलं? त्यांनी त्याला पाणी दिलं, आणि तो ते पिऊन गेला.

तो गेल्यावर बाईंनी मेन बंद केला आणि घरातलं प्रत्येक सॉकेट, प्रत्येक बोर्ड उघडून एकेक स्क्रू हाताने तपासला. सगळं चोख होतं. आणखी पंधरा दिवस त्या पोराच्या जिवाला घोर नको, म्हणून त्यांनी ऑफिसला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला कुणीतरी उचलला. "हो, तुमचा अर्ज यादीत आहे," पलीकडचा माणूस म्हणाला. "गुरुवारी तपासणी होईल."

गुरुवारी बाईंनी सकाळीच दोन कप पुसून ठेवले. आज सगळं ठीक निघणार, दाखला मिळणार, आणि मग त्या माणसाला या घराची पायरी चढायचं काही कारण उरणार नाही. ते त्यांनी मनाशी कबूल करून टाकलं होतं. चहा मात्र नीट आलं घालून करायचा होता.

अकराच्या सुमाराला दाराशी गाडी थांबली. गळ्यात ओळखपत्र, हातात मीटर आणि काखेत फाइल घेतलेली एक तरुण बाई आत आली. तिने सगळे पॉइंट तपासले, आकडे छापील तक्त्यात भरले आणि शिक्का मारून दाखला पुढे केला.

"काम एक नंबर केलंय," ती म्हणाली. "उशीर झाला त्याबद्दल माफ करा. आमच्याकडे माणसं कमी आहेत, अर्ज चार महिने पडून होता."

बाईंनी दाखला हातात घेतला, पण त्यांचं लक्ष दाराकडे होतं. "नेहमीचे साहेब नाही आले? उंच, चष्मेवाले. आधीच्या दोन्ही तपासण्या त्यांनीच केल्या होत्या."

"आधीच्या दोन्ही?" तिने फाइल मागेपुढे चाळली. "तुमचा तात्पुरता परवाना चार महिन्यांपूर्वी त्यांनीच दिलाय, ही त्यांचीच सही. पण त्याच आठवड्यात ते निवृत्त झाले, बाई. तपासणीला आमच्या ऑफिसातून या घरी आज मी पहिलीच येतेय."