खिडकीजवळची फळी

जुनं घर नीट करायला घेतलं, तेव्हा वरच्या खोलीत खिडकीपाशी लाकडी जमिनीत दोन पावलांचे खळगे होते. चवडे बाहेर, रस्त्याकडे. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे उभं राहून वाट पाहिली असावी, इतकं लाकूड झिजलं होतं.

“हे पॉलिशनं झाकलं जायचं नाही, साहेब,” सुतार म्हणाला. “फळीच बदलतो.”

नवी फळी बसली. आठवडाभरात खळगे परत उमटले.

“जुनीच फळी खळगे बुजवून ठोकलीत ना?” मी डाफरलो.

“आईशप्पथ नाही!” तो काकुळतीला आला. “रात्री इथं कुणी राहतं का?”

कोण राहणार? आमचं सामानसुद्धा अजून आलं नव्हतं.

सामान आलं. मुलगा वारला त्याला वर्ष झालं होतं, पण त्याचा छोटा पलंग टाकून देणं हिच्या जिवावर आलं. तो आम्ही त्याच खोलीत लावला.

दुसऱ्या दिवशी सुतार नवी फळी घेऊन आला, तर ही खिडकीपाशी जमिनीवर बसलेली.

“राहू द्या, दादा,” ती म्हणाली. “आता बदलू नका.”

मोठ्या खळग्यांशेजारी दोन लहान खळगे पडले होते. मोठ्यांचे चवडे अजून रस्त्याकडेच होते.

लहानांचे आमच्याकडे.