लवकर बंद झालेलं दुकान

चौकात सुपरमार्केट उघडल्यापासून शिवलिंगआप्पांच्या किराणा दुकानात संध्याकाळी गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. त्या दिवशी दिवेलागणीलाच त्यांनी शटर ओढलं आणि मागच्या घरात येऊन चेहरा पाडून बसले.

महानंदाने दोन ताटं वाढली. "जन्मभर गल्ल्यावर बसून जेवलात. आज माझ्यासमोर बसा."

पहिल्याच घासाला आप्पा थांबले. "ही शेंगाचटणी नवीन केलीस?"

"लग्न झाल्यापासून करतेय," ती हसली. "तुमचं लक्ष गिऱ्हाइकाकडे असायचं."

आप्पाही हसले. त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

तेवढ्यात शेजारच्या कुसुमताईंनी दारातून हाक मारली. "आप्पा, पावशेर साखर द्या की."

आप्पा सवयीने उठले, पण महानंदाकडे पाहून पुन्हा खाली बसले.

"दुकान आता सकाळी, ताई. साखर आमच्या डब्यातली न्या. मी हिच्यासोबत जेवतोय."