पलंगामागची वीट

मिस्त्रीने पलंग पुढे ओढला, भिंतीपाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. छपरावर चढून धुराडं झाडत होता तेव्हा त्याची बडबड खालच्या खोलीपर्यंत ऐकू येत होती. आता तोच गप्प झाला म्हटल्यावर माहेरी आलेल्या लेकीच्या मनात नाही नाही ते आलं.

"आणखी काही निघालं का?" तिने विचारलं.

दमून तिचा आवाजही बसला होता. सकाळपासून ती ही वरची खोली उपसत होती. आई गेली तशी खोली बंद होती आणि आता बाबांना ती पुन्हा हवी होती. थंडी पडायच्या आत धुराडं साफ करून घ्यायचं, बाबांचं अंथरूण वर आणायचं आणि उद्या आपलं घर गाठायचं, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

"ताई, इथली वीट कुणी काढली?"

उशीच्या उंचीवर भिंतीत एक वीट नव्हती. तिथून आतल्या धुराड्याची काळी पोकळी दिसत होती. भोकावर बारीक जाळी ठोकलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. इतकं नीटस काम या घरात एकच माणूस करायचा.

"बाबांनीच काढली असणार. आईला थंडी सोसायची नाही. खालच्या चुलीची ऊब वर यावी म्हणून केलं असेल."

मिस्त्रीने दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "धुराड्याचं तोंड काजळीने जवळजवळ बुजलेलं होतं. आज साफ केलं तरी पुन्हा बुजणारच. रात्री चुलीत निखारे झाकून ठेवत असाल ना? त्यातून विषारी वायू निघतो. दिसत नाही, वास येत नाही. वर वाट मिळाली नाही की तो इथून खोलीत शिरणार. झोपलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. तो झोपतो तो झोपतोच. चेहरा तेवढा लाल दिसतो." मग जरा घुटमळून म्हणाला, "आई कशाने गेल्या?"

"झोपेत," ती म्हणाली.

तेव्हा बाबांना खोकला होता. आईची झोपमोड नको म्हणून ते खाली बैठकीत झोपत होते. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय थांबलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, तिनेही डोलावली होती. ती पलंगाच्या कडेवर बसली.

जिना करकरला आणि धापा टाकत बाबा दारात येऊन उभे राहिले. उघडी भिंत बघून त्यांची कळी खुलली.

"सापडली का माझी करामत? मिस्त्री, बाकी काय लिंपायचं ते लिंपा, त्या जाळीला तेवढा हात लावू नका. रात्रभर कशी मस्त ऊब येते. ही गेली तेव्हासुद्धा गाल लालबुंद होते हो तिचे. थंडीने कुडकुडत नाही गेली माझी बायको. तेवढं तरी माझ्या हातून झालं."

मिस्त्री फरशीकडे बघत राहिला.

"काका, वीट बसवावी लागेल," मिस्त्री म्हणाला. "नियम आहे तसा."

"नियम गेला खड्ड्यात. तुम्ही खुशाल बसवा, तुमची पाठ वळली की मी काढतो. माझी छिन्नी अजून बोथट नाही झालेली."

आणि ते काढणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. खरं कारण कळल्याशिवाय हा माणूस ऐकायचा नाही. आणि खरं कारण कळलं तर हा माणूस जगायचा नाही. तिला बापाचा राग आला, कीव आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या थकव्याची चीड आली. नेमकं आजच हे तिच्या अंगावर यायचं होतं.

"बाबा, ही खोली मला द्या," ती म्हणाली. "मी उद्या जात नाही. हिवाळाभर राहते."

"रहा की. मग तर ऊब हवीच. लहानपणापासून थंडीची कच्ची तू."

"आता नाही राहिले. आता रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने अंथरूण भिजतं. माझ्या वयाच्या बायकांना होतं तसं. ही भिंत तापली तर माझा जीव घाबरा होईल इथे."

बाबा गोरेमोरे झाले. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीने खिडकीबाहेर.

"असं होय. आधी नाही का सांगायचं," ते पुटपुटले. "आणा ती थापी इकडे. माझ्या हाताने काढली, माझ्याच हाताने बसवतो."

मिस्त्रीने कालवलेला माल मुकाट्याने पुढे सरकवला. बाबा भिंतीला धरून गुडघ्यांवर बसले. जाळी उपटली, वीट पाण्यात भिजवून घेतली, माल थापला आणि वीट आत ढकलली. तेवढ्यानेही त्यांना दम लागला.

"मग स्वेटर कशाला घालून बसलीस?" वळून ते म्हणाले.

तिने स्वेटर काढून मांडीवर ठेवला. दंडांवर काटा आला होता, तो दिसू नये म्हणून तिने हाताची घडी घातली.

मिस्त्री ओल्या सांध्यांवरून बोट फिरवून कुठे फट राहिली का ते चाचपत होता. बाबा थापी हातात धरून तसेच बसून राहिले.

"तुझी आई कधी काही बोलली नाही," ते म्हणाले. "बायका बोलत नाहीत. मी आपला ऊब देतोय, ऊब देतोय. तिला त्रास झाला असेल का गं?"

मिस्त्रीचं बोट थांबलं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "तिला छान झोप लागायची."